मिठागरावरच्या मावशीचा पासपोर्ट

गटातल्या मंडळींनो, दुपारी मावशीला घेऊन पोलीस ठाण्यात गेलो होतो. राग अजून उतरलेला नाही, म्हणून लगेच लिहितोय.

तिची मुलगी मस्कतला असते. पुढच्या महिन्यात ती बाळंत होणार आहे आणि मावशीला त्याआधी पोचायचं आहे. पासपोर्टची मुदत संपली म्हणून नव्यासाठी अर्ज केला, तर पोलिसांनी कळवलं की बाई या पत्त्यावर राहत नाहीत.

चौकशीला आलेल्या हवालदाराला घराला कुलूप दिसलं होतं. मिठाच्या हंगामात आमच्या खाडीकाठची माणसं मिठागरावरच खोपी बांधून राहायला जातात. हे पेणमध्ये कोणाला माहीत नाही?

"मग तिथला पत्ता द्यायचा," ठाण्यात तोच हवालदार म्हणाला.

"खोपीला नंबर कुठला, सायेब?" मावशी म्हणाली. "आता समोर उभी हाय ना? लिवा, हाय म्हणून."

"तसं होत नाय गो बाय. परत चौकशी लागंल. पोरीला सांग, जरा दम धर."

तो हसला. मावशी हसली नाही.

कुलूप पाहून माणूस राहत नाही असं लिहिता येतं. मग माणूस पाहून तो राहतो असं का लिहिता येत नाही? संध्याकाळी मावशी बूथवरून मुलीला फोन करणार आहे. तिनं काय सांगायचं?