मामींचं प्रकरण बंद झालेलं नाही

मामी गेल्या त्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्या उशाशी बसले होते. अर्धांगानं उजवी बाजू गेलेली, जीभ जड झालेली. त्या काहीतरी म्हणत होत्या आणि मला ते कळत नव्हतं. शेवटी कान अगदी ओठांजवळ नेला. "लोटा भरला का?" मला वाटलं, तहान लागली. चमच्यानं पाणी तोंडाशी नेलं, तर डाव्या हातानं त्यांनी चमचा उडवून दिला आणि अंगात होता नव्हता तेवढा राग गोळा करून दाराकडे बोट दाखवलं. "माह्या नाही... त्याचा." मी उठले. दाराजवळच्या कोनाड्यातला, त्या दिवशी भरायचा राहून गेलेला पितळी लोटा नळावर नेऊन घासला, भरून आणला, त्यांना दाखवला आणि वर झाकण ठेवून परत कोनाड्यात ठेवला. तेव्हा कुठं त्यांनी डोळे मिटले. सकाळी त्या नव्हत्या.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं, अशी आपल्याकडे रीत आहे. मीही चांगलंच लिहिणार आहे. माझ्या सासूबाई गिरजाबाई, ज्यांना आम्ही मामी म्हणायचो, त्या वैर धरण्यात फार चांगल्या होत्या. एकदा धरलेलं वैर त्यांनी कधी खाली ठेवलं नाही, आणि मला त्याचा अभिमान आहे. आमच्या गावाचं नाव मात्र इथं लिहीत नाही. मालेगावहून एस.टी.नं जिथं जाता येतं अशा गावांपैकी ते एक, एवढं पुरे. ज्यांना ओळख पटायची त्यांना पटेलच, आणि पटावी म्हणूनच तर लिहिते आहे.

मी लग्न होऊन या घरात आले ती मॅट्रिक होऊन, आणि लगेच जवळच्या खेड्यातल्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले. मामींना माझी भाकरी आवडायची नाही आणि मला त्यांचं बोलणं. चूल फुंकण्यावरूनसुद्धा आमची जुंपायची. आमचं जमलं ते एका समाईक शत्रूमुळे. तो शत्रू म्हणजे आमच्या नगरपालिकेचे तेव्हाचे अध्यक्ष.

दुष्काळाच्या वर्षी नगरपालिकेनं आमच्या बौद्धपुऱ्यात सार्वजनिक नळ बसवला होता. सिमेंटचा ओटा बांधला, नळाला झेंडूचा हार घातला, अध्यक्षांनी नारळ फोडला. त्यानंतर त्या नळाला म्हणावं असं पाणी आलंच नाही. पहाटे थोडी धार यायची, दोन-चार घागरी भरल्या की खलास. कारण गावात शेंबड्या पोराला ठाऊक होतं. आमच्याकडे येणाऱ्या पाइपाची चावी पलीकडच्या कोपऱ्यावर होती, आणि ती बंद ठेवली की अध्यक्षांच्या आळीत वरच्या मजल्यापर्यंत पाणी चढायचं. आमच्या बाया मात्र नाल्यापलीकडच्या विहिरीवर रांग लावायच्या.

पुढच्या उन्हाळ्यात मामी पुऱ्यातल्या बायांना घेऊन नगरपालिकेत गेल्या. शाळेला सुट्टी होती, मीही सोबत होते. अध्यक्ष पंख्याखाली बसलेले. आम्हाला बराच वेळ उभं ठेवलं. उन्हातून आल्यामुळे मामींना भोवळ आली, त्यांनी शिपायाला पाणी मागितलं. टेबलावर काचेचे ग्लास होते. शिपायानं एक उचलला, तसे अध्यक्ष म्हणाले, "ग्लास राहू दे. ओंजळीत वाढ बाईले." शिपाई लोटा घेऊन पुढं झाला आणि... मामींचे दोन्ही हात पुढं आले. ओंजळ झाली, मान खाली गेली. हे सगळं आपोआप झालं, लहानपणी अंगाला लागलेली सवय. क्षणभरानं त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी हात मागं घेतले. "राहू द्या. मले तहान नाही." अध्यक्ष हसले. म्हणाले, "तहान नाही तं नळ कायले पायजे?" कारकूनही हसले. मला ते हसणारे चेहरे आजही एकेक करून सांगता येतील.

परत येताना मामी बाजारापर्यंत आपले दोन्ही तळवे बघत चालल्या. मग एकदम थांबून म्हणाल्या, "सुमन, माहे हात काहून पुढे गेले वं?" धम्म घेऊन इतकी वर्षं झाली होती, घरातले देव त्यांनी स्वतःच्या हातानं नदीत सोडले होते, आणि तरी हात पुढं गेले. अध्यक्षांनी अपमान केला याचं त्यांना फारसं नवल नव्हतं. त्या माणसानं आपल्याच हातांना आपल्याविरुद्ध उभं केलं, हे त्यांना सहन होत नव्हतं. तिथंच रस्त्यात उभं राहून त्या म्हणाल्या, "आपल्या नळाचं पाणी, आपल्या लोट्यानं त्याले पेवा लागन. त्याबिगर मी मरत नाही."

मी वर्तमानपत्रात वाचलं होतं की मुंबईला लोकआयुक्त म्हणून नेमलेत, आणि सरकारी किंवा नगरपालिकेच्या कारभाराबद्दल कोणीही साधा माणूस त्यांच्याकडे तक्रार करू शकतो. सोबत प्रतिज्ञापत्र जोडायचं. मामींना ते सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न, "तो कलेक्टरपेक्षा मोठा व्हय का?" मी म्हटलं, मोठा-लहान ठाऊक नाही, पण सगळ्यांना विचारू शकतो. "मंग लिव. आधी वंजळीचं लिव." यावरून आमचं भांडण झालं. मी म्हणत होते, नळाचंच लिहू, पाणी सोडणं हे नगरपालिकेचं काम आहे, ते सिद्ध करता येईल, ओंजळीचं सिद्ध कसं करणार? कारकून साक्ष देणार होते का? शेवटी नळाचंच लिहिलं. ओंजळीचं एक वाक्य खाली घातलं, तेही मामी चुलीपाशी रुसून बसल्या म्हणून.

काही दिवसांनी मुंबईहून पत्र आलं. तक्रार नगरपालिकेकडे पाठवली आहे, त्यांचा खुलासा मागवला आहे. पुढं तो खुलासाही आमच्याकडे आला, त्यावर आमचं म्हणणं मागवलेलं. नगरपालिकेनं लिहिलं होतं की सदर नळ सुस्थितीत असून रहिवाशांची कोणतीही तक्रार नाही, आणि अर्जदार बाई भांडखोर स्वभावाच्या आहेत. मामींनी मला ते परत वाचायला लावलं. "भांडखोर लिवलं? हे बराबर लिवलं," म्हणाल्या, "बाकी झूट." तेच मी जरा नीट भाषेत उत्तरात कळवलं. मग लोकआयुक्तांकडून चौकशीला साहेब येणार असं पत्र आलं, आणि तारीख दोन्हीकडे कळवलेली.

त्या दिवशी पहाटे नळ असा काही सुटला की ओट्यावरून पाणी उडायला लागलं. बाया घागरी, बादल्या, हंडे घेऊन धावल्या. आणि मामी नळापुढं हात पसरून उभ्या राहिल्या. "कोणी भरायचं नाही. त्याचं एका दिवसाचं पाणी आपल्याले नाही पायजे." पुऱ्यात केवढा गोंधळ झाला! शेजारची कौतिका तर अंगावरच आली. "तुह्या वैरापायी माहे पोट्टे तहानले ठेवू का वं मी?" मामी म्हणाल्या, "एक दिस ठेव. मंग जलमभर पाज." कौतिकानं शिव्या घातल्या, पण घागर घेऊन माघारी फिरली. एकामागं एक सगळ्याच फिरल्या. मोरी भरून पाणी वाहत होतं आणि आम्ही कोरड्या घशानं ते पाहत होतो. माझ्या स्वतःच्या लेकरानं त्या दिवशी पाण्यासाठी आकांत केला. मी त्याला विहिरीकडे घेऊन गेले, नळाला हात लावला नाही.

साहेब दुपारी एस.टी.नं आले. काटकुळे, खांद्याला पाण्याची कापडी छागल. नगरपालिकेनं जीप पाठवली होती, ती त्यांनी परत केलेली. अध्यक्षांनी चहा पुढं केला, नको म्हणाले. मामींनी आमच्याकडचा चहा पुढं केला, तोही नको म्हणाले. "बाई, चौकशी संपेपर्यंत दोन्ही बाजूंचं काही घ्यायचं नाही, असा माझा नियम आहे. मला दोन्ही बाजू सारख्या." मामींना हे मुळीच आवडलं नाही. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्याच्या अन् माह्यात बराबरी कायची? हा साहेब काई कामाचा नाही." तिकडे अध्यक्ष वाहत्या नळाकडे हात करून सांगत होते, "पाहा साहेब, पाणी आहे, घेणारं कोणी नाही. यायले तक्रार पायजे, पाणी नाही पायजे."

साहेबांनी नळ पाहिला, ओळीनं मांडलेल्या रिकाम्या घागरी पाहिल्या. मामींना विचारलं, "का भरलं नाही?" मामी म्हणाल्या, "उद्या या साहेब. कोणाले न सांगता या. मंग सांगतो." साहेबांनी वही उघडली. सगळ्यांचं लिहून घेतलं, सह्या घेतल्या आणि संध्याकाळच्या बसनं मालेगावला निघून गेले. नगरपालिकेच्या लोकांनी स्टँडवर हार घालायचा प्रयत्न केला म्हणे. मामी जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं साहेब परत आले, एकटे. सरळ पुऱ्यात. नळ कोरडा ठक्क. त्यांनी खांद्यावरची छागल उतरवून नळाखाली धरली, तोटी पूर्ण फिरवली. काही नाही. मग ते बायांमागोमाग चालत नाल्यापलीकडच्या विहिरीपर्यंत गेले, रांग पाहिली, परत आले आणि कोपऱ्यावरची चावी उघडायला लावली. नळ खळाळला तेव्हा आधी त्यांनी स्वतःची छागल भरली, तिथंच उभं राहून प्याले आणि मामींकडे पाहून म्हणाले, "हे दोन्ही बाजूंचं नाही बाई. सार्वजनिक आहे." त्या दिवशी मामींनी त्यांना माफ केलं.

पुढं लोकआयुक्तांची शिफारस आली, वरून नगरपालिकेला पत्रं गेली, आणि आमच्या नळाला सकाळ-संध्याकाळ पाणी सुरू झालं. कौतिका पेढे घेऊन आली. मुंबईचं शेवटचं पत्र आलं, ते मी मोठ्या खुशीत मामींना वाचून दाखवलं : तक्रारीचं निवारण झालं असल्यानं प्रकरण बंद करण्यात येत आहे. मामींनी कागद माझ्या हातातून ओढून घेतला. "बंद? अन् वंजळीचं?" मी समजावलं की नळाबद्दल तक्रार होती, पाणी मिळालं, त्यांचं काम त्यांनी चोख केलं. मामी म्हणाल्या, "त्यायचं बंद झालं असन. माह्यं नाही."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तो रिवाज धरला. सकाळी नळ आला की पहिला हा पितळी लोटा भरायचा, झाकून दाराच्या कोनाड्यात ठेवायचा. घरात कोणी त्याला हात लावायचा नाही. संध्याकाळी ते पाणी लिंबाच्या बुडाशी ओतायचं, सकाळी पुन्हा भरायचा. अध्यक्ष कधी पुऱ्यावरून गेले की मामी लोटा हातात घेऊन उंबऱ्यात उभ्या राहायच्या आणि ओरडायच्या, "पाणी घ्या ना भाऊ, नगरपालिकेचं हाय!" ते मान वळवून पुढं जायचे. पुढच्या निवडणुकीत त्यांची खुर्ची गेली, तेव्हा पुऱ्यात गुलाल उडाला. मामींनी गुलालाचं बोटसुद्धा लावून घेतलं नाही. "खुर्ची गेली. पाणी कुठं पेला?" वर्षानुवर्षं असं चाललं. आणि न पाजताच त्या गेल्या. मी त्यांच्या अंगावर पांढरी चादर पांघरली तेव्हा रडले कमी, चिडलेच जास्त. तो माणूस धडधाकट आणि ही बाई रिकाम्या हातानं गेली, याचा मला अजूनही संताप येतो.

जलदान विधीच्या दिवशी पुरा आमच्या दाराशी जमला होता. बुद्धवंदना झाली, पाणी सोडून झालं, पंगत बसायची होती. तेवढ्यात पांढरंशुभ्र धोतर नेसून, चार माणसं घेऊन माजी अध्यक्ष आले. निवडणूक पुन्हा जवळ आली आहे, आणि आमच्या पुऱ्यातली मतं आता मोजण्यासारखी आहेत. खुर्चीवर बसून म्हणाले, "बाई मोठी जिद्दीची होती. माह्यावर लोभ होता तिचा." उन्हानं कपाळावर घाम आलेला. कौतिका पुढं झाली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "भाऊसाहेब, जेवत नाही तं निदान पाणी तरी घ्या." सगळ्या पुऱ्याच्या नजरा कोनाड्याकडे वळल्या. त्या लोट्याची गोष्ट कोणाला ठाऊक नव्हती?

मी कोनाड्यातला, सकाळीच भरून ठेवलेला लोटा घेऊन त्यांच्यापुढं उभी राहिले. त्यांनी लोट्याकडे पाहिलं, जमलेल्या माणसांकडे पाहिलं. नाही म्हणावं तर मतं जातात, आणि आमच्या लोट्याला तोंड लावणं तर त्यांच्या हातून होणार नव्हतं. मग त्यांच्या चेहऱ्यावर एकदम सुटका झाल्यासारखं हसू आलं. उठून नळाच्या ओट्यापाशी गेले, वाकले, दोन्ही हात जोडून ओंजळ केली आणि म्हणाले, "वाढा बाई."

आपण काय केलं हे त्या माणसाला कळलंसुद्धा नाही. मी हात उंच केला आणि वरून धार धरली. ते पीत गेले. मध्येच पुरे म्हणून मान हलवली, मी थांबले नाही. पाणी कोपरांवरून, पांढऱ्या बाह्यांवरून, धोतरावरून ओघळलं. लोटा रिकामा होईपर्यंत मी ओतत राहिले आणि त्यांच्या वाकलेल्या मानेकडे बघत राहिले. कोणीतरी मागं हसलं. मी हसले नाही. मनात म्हटलं, मामी, याचेही हात आपोआपच पुढं आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आला तेव्हा मी लोटा घासून, भरून घेऊन आले. आमचे हे दारात दात घासत उभे होते. म्हणाले, "आता काहून भरून राह्यली? पेला ना तो."

मी झाकण ठेवलं आणि लोटा कोनाड्यात सरकवला. म्हटलं, "वंजळीनं पेला. लोट्याले तोंड कुठं लावलं त्यानं?"