हॅगर्टींचं मोकळ्या हवेतलं घर

डर्मट हॅगर्टी माझा शेजारी. त्याला बघितलं की मला किळस येते, आणि हे मी त्याला तोंडावर सांगितलेलं आहे.

हा मूळचा मेलबर्नचा. मुलगी टिली दिवसभर फोन घेऊन खोलीत बसते, म्हणून पोरीला मोकळ्या हवेत वाढवायचं असं यानं ठरवलं. बायको रोवीना म्हणत होती, टास्मानियात जाऊ. थंडी असली तरी बारा महिने डोंगरात हिंडता येतं. पण दक्षिणेकडची माणसं करतात तेच यानं केलं. जुलैत, आमच्या ऐन हिवाळ्यात, कॅरव्हॅन घेऊन वर उत्तरेला, क्वीन्सलँडच्या टोकाला आला. कोवळं ऊन, निवळशंख पाणी. टिली आठ दिवस समुद्रातून बाहेर निघेना. नवव्या दिवशी यानं माझ्या शेजारचं घर पसंत केलंसुद्धा.

"बाबा रे, एकदा जानेवारीत, भर उन्हाळ्यात येऊन बघ, मग घे," मी कुंपणावरून सांगितलं.

"तुम्हाला इथं नवीन माणूस नकोच असतो," म्हणाला. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. हा कुठला शहाणा!

नोव्हेंबरात किनाऱ्यावर विषारी जेलीफिशच्या इशाऱ्याच्या पाट्या लागल्या. त्या मेपर्यंत हलत नाहीत, आणि आमच्याकडे पोहण्यासाठी समुद्रात लावतात ती जाळीही नाही. खाडीत मगरी. अंगणात पाय ठेवला की घामाच्या धारा. हॅगर्टींचे पडदे बंद, एसी चालू, टिली खोलीत. मेलबर्नला निदान संध्याकाळी सायकल तरी काढायची.

चुकत कोण नाही? पण हा गृहस्थ दर रविवारी पोरीला पाच मिनिटं वाळूत उभी करायचा, "हस गं, नीट हस!" म्हणायचा आणि फोटो धाकट्या भावाला पाठवायचा.

"लाज वाटते का काही?" रोवीनानं एकदा माझ्यादेखत विचारलं.

"येऊ देत की त्यांनाही. आपणच एकट्यानं सडायचं का इथं?"

यंदा जुलैत तो भाऊ इथं विकत घ्यायला घर बघायला आला, बायको आणि मुलगी ब्रिडीला घेऊन. हॅगर्टींच्या मागच्या अंगणात डर्मट शेगडीवर सॉसेजेस भाजत होता; रोवीनानं मलाही बोलावलं होतं. मी भावाला स्पष्ट सांगितलं, "जानेवारीत या."

तो हसला. "तुम्ही हेच म्हणणार, असं डर्मट म्हणालाच होता." मग पुतणीकडे वळला. "टिली, तू सांग. उन्हाळ्यात कसं असतं गं?"

डर्मटचा चिमटा हवेतच थांबला. बोल पोरी, मी मनात म्हटलं.

टिलीनं ब्रिडीकडे बघितलं. "मस्त असतं काका. रोज पोहतो आम्ही."

डर्मटनं सॉसेज उलटलं आणि भावाच्या ताटलीत वाढलं.  नंतर टिली नळावर पाय धूत होती, तेव्हा मी विचारलं, "खोटं का बोललीस गं?"

"ब्रिडी आली की खोलीत आम्ही दोघी असू ना," ती म्हणाली.