उरलेली पस्तीस मिनिटं

सुताराचा संघ हौशी. आठवडाभर रंधा मारायचा, रविवारी हॉकी खेळायची. यंदा कधी नव्हे ते अंतिम सामन्यात पोचले आणि पोस्टाच्या संघापुढे एका गोलने मागे पडले. सुताराने पहिल्या हाफमध्ये तीनदा नेम धरला. तिन्ही वेळा गोलकीपर पोस्टमनने बॉल पॅडवर घेतला.

मध्यंतरात पॅडचे पट्टे सैल करत पोस्टमन म्हणाला, "दम खा जरा. अजून पस्तीस मिनिटं आहेत, मी काही पळून जात नाही."

तेवढ्यात लष्कराचे ट्रक मैदानात शिरले. पंच होते शाळेतले मास्तर. त्यांनी वहीत ‘मध्यंतर, १–०’ लिहिलं आणि पेन्सिल खिशात टाकली. महिन्याभरात दोन्ही संघ वर्दीत गेले.

सुतार पाच वर्षांनी परतला तो ताठ झालेला गुडघा घेऊन. युद्धाबद्दल अवाक्षर काढत नसे. बोलायचा ते उरलेल्या पस्तीस मिनिटांबद्दल, इतकं की लोक त्याला हाफटाइम म्हणू लागले. खंदकात बसून त्याने चौथा फटका हजारदा मारला होता. डावा कोपरा, जमिनीलगत.

"अहो, धड जिना चढता येत नाही, आणि हॉकी कसली खेळताय?" बायको म्हणाली.

"मैदानात कुठं जिना आहे?"

दारोदार फिरून त्याने जुने गडी गोळा केले आणि मास्तरांना अट घातली: त्या दिवशीच्या यादीत नाव असेल तोच खेळणार, बदली कोणी नको. नाहीतर तो वेगळाच सामना होईल. मास्तर नियमाचे पक्के. त्यांनी लगेच मान डोलावली.

सुताराकडून सहा जण आले, समोरून पाच. पोस्टमन युद्धातून परतलाच नव्हता. हे सुताराला ठाऊक होतं, पण गोल मोकळा राहील हे काही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. पोस्टमनच्या जागी उभं राहायला त्या पाचांपैकी कोणी तयार होईना.

तीस मिनिटं नुसती धापा टाकण्यात गेली. मग बॉल सुताराच्या स्टिकला लागला. हातांना पाच वर्षांची सवय, ते थांबले नाहीत. डावा कोपरा, जमिनीलगत. बॉल गोलच्या फळीवर आदळला. फळी त्यानेच कधीकाळी ठोकलेली, आवाज खणखणीत आला. टाळी कोणी वाजवली नाही. सुताराला स्वतःची लाज वाटली.

बॉल आणायला तो लंगडत स्वतःच गोलमध्ये गेला. "मास्तर, हा गोल धरू नका."

"का?"

"अडवायला तो नव्हता."

"बदली नको म्हणून तूच हटून बसला होतास," मास्तर म्हणाले आणि त्यांनी वहीत १–१ लिहिलं.

सुताराने बॉल मधे टाकला, पण स्वतः गोलमधून बाहेर आला नाही. हे कुठल्याच नियमात बसत नव्हतं. मास्तर शिट्टी तोंडाशी धरून उभे राहिले, वाजवली मात्र नाही. उरलेल्या पाच मिनिटांत सुताराने आपल्याच सोबत्यांचे दोन फटके त्या ताठ पायावर अडवले.