सावल्या हुसकावणारा

गारखेड्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सोलर बसवायला जो फिटर आला, त्याला सरळ उभं राहून बोलताना मी कधी पाहिलं नाही. तो सतत वाकून सावल्या बघायचा. पाण्याची टाकी, अँटेना, माझी वाळत घातलेली लुंगी, सगळ्यांची चौकशी. घरची मेंढरं दौलताबादकडं, त्यामुळे त्याचं शास्त्रही तिकडचंच. "एक मेंढरू सावलीला बसलं की अख्खा कळप बसतो बघा काका, हुर्रर्र केल्याबिगर हलत नाय. पॅनलचं बी तसंच हाय."

उद्घाटनाला पुढारी चारला यायचे होते, ते सूर्य मावळल्यावर आले. हरित ऊर्जेवर लांबलचक भाषण झालं, पॅनलला झेंडूचा जाडजूड हार घातला. मग कॅमेरे मीटरकडं वळले, तर आकडा शून्य! सेक्रेटरी फिटरच्या कानाशी लागले, "दुपारच्या आकड्याचा फोटो लाव ना स्क्रीनवर." पुढाऱ्यांच्या शाळेचं कामही त्यालाच मिळणार होतं. तरी तो हात जोडून पुढाऱ्यांनाच म्हणाला, "साहेब, तुम्हाला लई उशीर झाला. सूर्याला थांब म्हणता येत नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो न बोलावता गच्चीवर हजर. शाळेचं काम गेलंच असणार, पण तो विषय त्यानं काढला नाही. पॅनलवरचा हार अलगद काढून माझ्या हातात दिला. "फुलांची बी सावली पडती, काका."

आम्ही दोघं मीटरकडं बघत उभे राहिलो. आकडा हलला, तसं तो हळूच म्हणाला, "हुर्रर्र."