खोरं कोणाच्या हातात, हे विचारणाऱ्या बाई

इंदुमती बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या रहिमतपूरच्या आपल्या घराच्या पडवीत मिक्सर उघडून बसल्या होत्या. मी पुण्याहून आलेला संगणक अभियंता, खेड्यांतल्या कामाला सुट्टीचे दिवस द्यायला निघालेला. शिक्षण, अनुभव असं सगळं सांगायच्या तयारीनं गेलो होतो. बाईंनी वर न बघताच विचारलं, "हा फिरताना खरखरतो. का असेल हो?" मला नाही सांगता येणार, असं मी म्हणालो. तशा त्या एकदम खूश झाल्या. "छान! मलाही नाही येत. बसा, दोघं मिळून बघू." तासाभरानं मिक्सर जोडून झाला, दोन स्क्रू उरले, खरखर तशीच राहिली आणि माझी निवड झाली.

हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यावर बाईंनी हे काम हाती घेतलं. शहरांतल्या संगणकवाल्यांना सातारा-सांगलीच्या गावांत आणायचं आणि गावाची एखादी अडचण त्यांच्यापुढे ठेवायची. बाई या वर्षी पंचाहत्तरीत पदार्पण करत आहेत, पण त्यांचं कुतूहल अजून सातवीतल्या पोरीचं आहे. शिराळ्याकडच्या एका शाळेतले संगणक रोज अकरा वाजता बंद पडायचे. आम्ही महागड्या यंत्रांची यादी करत होतो. बाई मात्र "अकरालाच का?" असं पुटपुटत शाळेबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. बरोबर अकराला शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली आणि सगळी वीज ओढून घेऊ लागली. गिरणीवाल्याशी बोलून संगणकाचा तास सकाळी घेतला आणि आमची यादी खिशातच राहिली.

त्यांचा एक नियम आहे. गावात आल्यावर पहिले तीन दिवस लॅपटॉप पिशवीतून काढायचा नाही, नुसतं विचारत फिरायचं. हा नियम मी मोडला होता, हे आज पहिल्यांदाच छापून येत आहे. बाई आजवर प्रत्येक भाषणात "आमची चूक झाली" एवढंच सांगत आल्या. माझं नाव त्यांनी कधीच घेतलं नाही, म्हणून ते मीच इथे लिहितो आहे.

विट्याच्या पुढच्या एका गावात उपसा योजनेचं पाणी पाळीनं मिळतं. पाणी सोडणारे पाटकरी बांधावरून हाक मारायचे. मग ज्याची पाळी असेल त्यानं रानात जाऊन दारं धरायची, म्हणजे खोऱ्यानं माती ओढून पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवायचं. हाक ऐकू आली नाही की भांडणं ठरलेली. त्यापेक्षा मोबाइलवर निरोप पाठवावा, असं ठरलं. मी स्वतःला लय हुशार समजत होतो. पुण्यातच बसून सातबाऱ्यावरची नावं घेतली, त्यांचे नंबर मिळवले आणि सगळं तयार करूनच गावात उतरलो. "गावात विचारलंत ना?" असं बाईंनी विचारलं, तेव्हा मी बेधडक हो म्हणालो.

निरोप बिनचूक गेले. सकाळी नऊला मला थेट कोइमतूरहून फोन आला. "आवं सायेब, पानी सुटलंय म्हून मेसेज आलाय. आता मी हितनं दार धरू व्हय?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या गावातले बरेच पुरुष सोनं गाळायच्या दुकानांपायी देशभर पांगलेले, बाकीचे फौजेत. सातबारा त्यांच्या नावावर, मी मिळवलेले नंबरही त्यांच्याच खिशातल्या मोबाइलचे. खोरं धरणाऱ्या बायका गावात होत्या आणि त्यांना कशाचाच पत्ता नव्हता. आता मशीन आलंय म्हणून पाटकऱ्यांनी हाक मारणंही बंद केलं होतं.

सगळ्यात मोठा फटका कमलवहिनींना बसला. त्यांचे मालक राजस्थानच्या सीमेवर. वहिनींनी एकटीनं नुकतीच हळद लावलेली, कोंब अजून जमिनीतच होते. पाळी चुकली होती आणि पुढची पंधरवड्यानं यायची होती. ऊन असं की तोवर बेणं मातीतच भाजून निघालं असतं. देवळात बैठक बसली, तेव्हा वहिनी उठून उभ्या राहिल्या. "तुमी चांगल्यासाठीच केलं आसंल. पर बॉर्डरवर आमच्या मालकास्नी कळून काय उपेग? खोरं कुणाच्या हातात हाय, ते इचारलं व्हतं का कुणी?" माझी मान खाली गेली. बॅग उचलून पुण्याची गाडी गाठावी, एवढंच त्या क्षणी सुचत होतं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "नाही विचारलं. चूक आमची," त्या म्हणाल्या आणि बैठकीकडे वळल्या. "पण मला एक सांगा, ही हळद आता कशी वाचेल? मला खरंच माहीत नाही." सत्तरी ओलांडलेल्या, अर्ध्या तालुक्याला शिकवलेल्या बाई हे अगदी मनापासून विचारत होत्या. मग शेजारच्या रानाचे रामूतात्या खाकरले. "आवं बाई, उद्या सकाळी माजी पाळी हाय. निम्मं पानी घेऊ द्या तिला. माजा ऊस काय लगीच मरत न्हाई."

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला खोरं दिलं. मी सरीचं दार मोडलं आणि पाणी भलतीकडेच, थेट तात्यांच्या बांधावर. कमलवहिनी हसू दाबत म्हणाल्या, "सरा बाजूला सायेब, पानी बी रुसतंय तुमच्यावर." बाई बांधावर बसून सरीला उतार किती, एक सरी भरायला वेळ किती, असं एकामागून एक विचारत होत्या. दुपारपर्यंत त्यांच्यासोबत मीही विचारायला लागलो होतो. हळद बरीचशी उगवली. एक कोपरा मात्र त्या वर्षी मोकळाच राहिला आणि तो पाहिला की मला आजही अपराधी वाटतं.

त्यानंतर आम्ही दारोदार फिरून नवी यादी केली. सातबारा कोणाचा, हे विचारलंच नाही. एक आजोबा तापले, "जमीन माज्या नावावर आन् मेसेज सुनंला?" बाईंनी भाबडेपणानं विचारलं, "मग उन्हात दारं धरायला तुम्ही जाणार का?" आजोबांनी मुकाट्यानं सुनेचा नंबर सांगितला. यादी पुरी झाली तेव्हा तिच्यात निम्म्याहून जास्त नावं बायकांची होती.

आता नवे अभियंते आले की बाई त्यांना आधी कमलवहिनींच्या रानात पाठवतात. परवा या अंकासाठी मी वहिनींना फोन केला. बाईंबद्दल काय लिहू, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "लिवा की. रान सासऱ्याचं, मग मालकाचं. रेशन कारडावर बी त्येंचंच नाव पैलं. त्या मेसेजात 'कमल, उद्या सकाळी तुमची पाळी' आसं आलं, तवा मी शेजारणीकडनं दोनदा वाचून घेतलं. माज्या नावानं बी काय येतंय, हे मला म्हाईतच नव्हतं."

बाईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, असं मी इथे लिहिणारच होतो. पण वहिनींनी फोन ठेवता ठेवता ते माझ्याहून चांगलं सांगितलं. "बाईस्नी म्हणावं, शंभर वरीस जगा. अजून लय बायकांची नावं लागायची हाईत."