हिरव्या पडद्यापुढची नवरी

लग्नाच्या व्हिडिओंवर माझं पोट चालतं. त्यामुळं स्वतःच्या लग्नाचा व्हिडिओही मीच करणार, असं मी कुणी विचारायच्या आधीच सांगत सुटलो होतो. होणाऱ्या बायकोची मागणी एकच होती: वेरूळच्या लेण्यांपुढं आम्हा दोघांचं शूटिंग व्हावं, आणि ते लग्नात मोठ्या पडद्यावर सगळ्या पाहुण्यांना दिसावं. पण सीझन जोरात, मला सवड कुठली? म्हटलं, वेरूळच तुझ्यापुढं आणून उभं करतो.

स्टुडिओत हिरवा पडदा ताणला. कॉम्प्युटर हिरवं तेवढं पुसतो आणि तिथं आपण देऊ तो फोटो बसवतो. म्हणूनच गिऱ्हाइकांना मी बजावून ठेवतो, की हिरवं सोडून काहीही घालून या.

लग्नाला दोन दिवस असताना ती आली, सोबत पहाऱ्याला मावशी. नुकताच चुडा भरलेला; हातभर हिरव्या बांगड्या, अंगावर हिरवा शालू. आपल्याकडं नवरी हिरव्यातच असते, त्यामुळं माझ्या डोक्यात काही पेटलंच नाही. शिवाय मी तिच्याकडं बघत होतो, पडद्याकडं नाही. शूटिंग उरकलं, मोठ्या तोऱ्यात दोघींना खुर्च्या दिल्या आणि बटण दाबलं.

लेणं झकास आलं. त्यापुढं मी अख्खा, आणि शेजारी हवेत तिचं डोकं. पोटाच्या जागी दगडी हत्ती. जरीचे काठ नुसतेच लोंबत होते, पंजे आपापले हलत होते. ती पदरात तोंड खुपसून हसत होती. मावशी हसत नव्हत्या.

"हातातला चुडा कुठं गेला?"

मी शास्त्र समजावू लागलो. बांगड्या थोडा वेळ उतरवल्या तर, एवढंच बोललो, आणि मावशींनी असं पाहिलं की मीच पुसला गेलो.

"भरलेला चुडा उतरवत नसतेत, जावईबापू. आन् रिकाम्या हाताची नवरी पाहुण्यांना दाखवणार असाल, तर आमची पोरगी मांडवात यायची नाय."

तेव्हा ती हळूच म्हणाली, "वेरूळ काही लांब नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळीच निघालो, मावशींसकट. काळ्या दगडापुढं तो हिरवा शालू असा काही उठून दिसला की माझा कॉम्प्युटर लाजला असता.

लग्नात पडद्यावर ते लागलं. मावशींनी चुडा नीट निरखला, मान डोलावली, मग डोळे बारीक केले.

"समदं झ्याक. पर नवरदेव कुठाय?"

लेण्यांना शोभावा म्हणून मी रातोरात खास दगडी रंगाचा कुर्ता शिवून घेतला होता. तिच्या शेजारी कातळातून फक्त माझे दात चमकत होते.