सुमनचा अंगठा, गोदावरीची सही

"सुमन? आमच्या घरात सुमन नावाची बाईच न्हाई!" असं म्हणून व्यंकटरावांनी माझ्या टेबलावर असा हात आपटला की कपातला चहा बशीत आला.

त्यांच्या शेजारी त्यांचा पुतण्या अंगद खाली मान घालून बसलेला. हातात मुखत्यारपत्र. मुखत्यारपत्र म्हणजे "माझ्या वतीनं हा माणूस सह्या करील" असं लिहून दिलेला कागद. त्याची ताकद फार मोठी असते. म्हणून तो दाखवणाऱ्याकडे मी आधी संशयानंच बघते. दाखवणारा नातेवाईक असला तर जरा जास्तच.

मी लातूरला वकिली करते. काळा कोट घालून तावातावानं बोलणारी वकील लोकांना दिसते, पण माझं निम्मं आयुष्य लोकांचे कागद वाचण्यात गेलंय. हा कागद औसा तालुक्यातल्या एका जमिनीचा होता. वारस तीन. व्यंकटराव, त्यांच्या वारलेल्या थोरल्या भावाच्या जागी त्याचा मुलगा अंगद, आणि एक बहीण, नांदेडजवळ विष्णुपुरीला दिलेली. तिघांचे हिस्से वेगळे करणारं वाटणीपत्र करायचं होतं. बहीण मांडीचं हाड मोडून अंथरुणावर. म्हणून तिनं भाच्याला, म्हणजे अंगदला, मुखत्यारपत्र दिलं, असं अंगदचं म्हणणं.

घोळ असा, की सातबाऱ्यावर बहिणीचं नाव गोदावरी आणि मुखत्यारपत्रावर सुमन.

"काका, लग्नात नाव बदललं की आत्याचं," अंगद म्हणाला. "तुमाला मालूम न्हाई का?"

"बदललं आसंल. पर माझी बहीण सही करती. हितं तर अंगठा हाय. कुणाचीबी म्हातारी धरून आणशील तू!" मग माझ्याकडे वळून, "वकीलबाई, खरी गोदावरी दाखवा, मी गुमान सही करतो. न्हाईतर तिचा हिस्सा इसरा."

नावाचं मला काही वाटलं नाही. आपल्याकडे बायकांची नावं बदलतात, 'दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र करून मिळतं. पण अंगठा? मी जुने कागद काढले. वडील गेल्यावर वारसांची नोंद झाली, तेव्हा तलाठ्यापुढं दिलेल्या जबाबावर खरंच सही होती. "गोदावरी." मोठी मोठी अक्षरं, एकेक ओढून काढलेलं.

आता सांगा, सही येणारी बाई अंगठा का देईल? झालं, माझं डोकं फिरलं. व्यंकटराव गेल्यावर मी अंगदला धारेवर धरलं.

"खरं सांग, कुणाचा अंगठा आहे हा?"

"आत्याचा, मॅडम. माझ्यासमोर दिलाय."

"मग सही का नाही?"

"म्या काय इचारलं न्हाई. तिकडच्या वकिलानं शाईचं पॅड पुढं केलं, तिनं अंगठा दिला."

"उद्या नांदेडला जायचं. आत्याच्या घरी आधी फोन करायचा नाही."

"चला की. मी कुठं न्हाई म्हणून राहिलो?"

दुसऱ्या दिवशी एसटीत बसल्याबसल्या त्याचा मोबाईल मी मागून घेतला आणि माझ्या पर्समध्ये टाकला. बिचाऱ्यानं निमूट दिला. वर मला खिडकीची जागा आणि शेंगदाण्याची पुडी दिली. मला वाटलं, गोड बोलणारा आहे, सांभाळून राहायला पाहिजे. वकिलीत माणूस असा बिघडतो.

विष्णुपुरीत पोचलो. म्हातारी कॉटवर पाय लांब करून बसली होती. उशाला वॉकर. मला बघून सुनेला म्हणाली, "चहा टाक, माझ्या माहेरची मानसं आली." अंगदला मी अंगणात पाठवलं. हा आमचा नियम. ज्याच्या नावानं मुखत्यारपत्र आहे, त्याला बाहेर काढायचं आणि ते लिहून देणाऱ्याशी एकट्यानं बोलायचं.

"आजी, भाच्याला काय लिहून दिलंय तुम्ही?"

"वाटणीत माझा हिस्सा माझ्या नावानं घ्यायला सांगितलंय. घ्यायला, सोडायला न्हाई. आजवर चोळी-बांगडीवर गप बसले. आता न्हाई. आंगद म्हनला, आत्या, तुझं हाय ते तुला घेऊन देतो."

मी चाट पडले. इतक्या वर्षांत बहिणींचे हक्क सोडवून घ्यायला आलेले भाऊ, भाचे पैशाला पासरी पाहिले. आत्याला हिस्सा मिळावा म्हणून हेलपाटे घालणारा हा पहिलाच. पण पुरावा तो पुरावा. मी कोरा कागद आणि पेन पुढं केलं. जुन्या जबाबाची झेरॉक्स पर्समध्येच ठेवली.

"आजी, सही करा."

म्हातारीनं पेन हातात घेतलं आणि मला विचारलं, "कुनाची करू?"

"म्हणजे?"

"गोदावरीची येती. सुमनची येत न्हाई."

मग तिनं सांगितलं ते असं. माहेरी शाळेत गेली एक पावसाळा. गुरुजींनी पाटीवर नाव गिरवायला दिलं, तेवढंच हातात बसलं. पुढं लग्न. सासूचं नावही गोदावरी.

"मला कुनी हाक मारली की सासू 'ओ' द्यायची!" म्हातारी हसायला लागली. "म्हनून बदललं. नवऱ्यानं ताटात तांदळावर अंगठीनं लिवलं. मला कुठं वाचता येतंय? मी नुसती बघत बसले. मग समदे म्हनले, आजपासून तू सुमन."

"मग ते नाव लिहायला नाही शिकलात?"

"सासरी कुठं शाळा हुती, बाई? सुमनचा अंगठाच हाय पैल्यापासून. रेशनला अंगठा, बँकेत अंगठा. माहेरच्या कागदावर तेवढी गोदावरी."

बोलता बोलता तिनं कागदावर अक्षरं काढली. एकेक करून सगळी. शेवटी वरून रेघ ओढली, ती अक्षरं संपली तरी दोन बोटं पुढं गेली. मी झेरॉक्स काढून शेजारी ठेवली. तिथंही रेघ तशीच पुढं गेलेली.

मला माझीच लाज वाटली. अंगणात जाऊन अंगदला मोबाईल दिला आणि म्हणाले, "चुकलं माझं." तो म्हणाला, "आसू द्या मॅडम, चहा थंड होतोय."

नवीन मुखत्यारपत्र करायचं ठरलं. या वेळी रीतसर नोंदवून. आजारी माणसासाठी रजिस्ट्रीचे अधिकारी घरी येतात, तसा अर्ज दिला. ते यायच्या आधी मसुदा वाचून दाखवताना मी म्हणाले, "सुमन उर्फ गोदावरी असं लिहिलंय, आजी."

"उलटं करा," म्हातारी म्हणाली. "गोदावरी आधी. ती आधी आली."

केलं उलटं. अधिकारी आले तेव्हा त्यांच्यापुढं तिनं खाली सही केली आणि शेजारी अंगठाही दिला.

लातूरला व्यंकटरावांपुढं मी नवं मुखत्यारपत्र आणि जुना जबाब, दोन्ही कागद ठेवले. मी वाद घालायची सगळी तयारी करून बसले होते. त्यांनी चष्मा लावला, सहीवरची ती रेघ बोटानं शेवटपर्यंत गिरवली. "पाटीवरबी आशीच भाईर जायची," एवढंच म्हणाले. मग खिशातून पेन काढलं आणि वाटणीपत्रावर सही केली. आज सातबाऱ्यावर म्हातारीचा हिस्सा वेगळा आहे.

मुखत्यारपत्र तपासायची आमची एक ठरलेली यादी असते. देणारा जिवंत आहे का, शुद्धीत आहे का, राजीखुशीनं दिलंय का. माझ्या यादीत मी तेव्हापासून पेन्सिलीनं एक प्रश्न वाढवलाय, "लग्नाआधी तुमचं नाव काय होतं?" पुरुषांच्या कागदाला तो लागत नाही.